सर्व्हर डाऊन, डेटा चोरी, अडकलेले पैसे: मोठ्या कंपन्यांचा घोळ एका जुन्या यादीत कसा लपलेला असतो?

२४ एप्रिल २०२४. बुधवारची संध्याकाळ होती, शेअर बाजार बंद झाला होता. तेवढ्यात रिझर्व्ह बँकेचं एक प्रसिद्धीपत्रक आलं. कोटक महिंद्रा बँकेने ऑनलाईन आणि मोबाईलवरून नवीन ग्राहक घेणं तातडीने थांबवावं, नवीन क्रेडिट कार्डं देणंही बंद करावं, असा आदेश त्यात होता. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि कोटकचा शेअर एका दिवसात १० टक्क्यांहून जास्त पडला.

बातम्यांमध्ये चर्चा झाली ती सर्व्हर डाऊनची. त्यात चूक काहीच नव्हतं. बँकेच्या सेवा दोन वर्षांत वारंवार ठप्प झाल्या, अगदी १५ एप्रिललाही झाल्या, हे रिझर्व्ह बँकेनेच लिहिलं होतं. पण त्याच पत्रकात गंभीर त्रुटींची एक यादीही होती. पॅच आणि बदलांचं व्यवस्थापन, कुणाला कोणत्या सिस्टीममध्ये शिरता येतं, बाहेरच्या पुरवठादारांची जोखीम, डेटाची सुरक्षा, आपत्तीची तयारी असं बरंच काही त्यात होतं. आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्या क्रमांकावर होती ‘आयटी इन्व्हेंटरी मॅनेजमेंट’.

साध्या मराठीत सांगायचं तर, बँकेकडे कोणती मशीन आहेत, कोणती सॉफ्टवेअर आहेत, ती कुठे आहेत आणि ती कोण सांभाळतं, याची नोंद.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी बँक, हजारो इंजिनिअर, आणि अडलं कुठे तर साध्या यादीत? तर हो. आणि हे फक्त एका बँकेचं दुखणं नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगात आयटीचे जे मोठे घोटाळे झाले, त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत खोलात गेलं की शेवटी हीच यादी सापडते. कधी ती नव्हतीच, कधी जुनी होती, कधी कागदावर एक आणि जमिनीवर दुसरंच होतं.

ही यादी म्हणजे नेमकं काय?

सरकारी ऑफिसात किंवा शाळेत काम केलेल्यांना ‘डेडस्टॉक रजिस्टर’ माहीत असेल. खुर्च्या किती, टेबलं किती, कपाटं किती, वर्षातून एकदा मोजायचं आणि सही करायची. आयटीची यादी तशीच असते असं अनेकांना वाटतं. पण खुर्ची रात्रीतून बदलत नाही, सॉफ्टवेअर बदलतं. खुर्चीला मुदत नसते, सॉफ्टवेअरच्या परवान्याला असते. आणि एक खुर्ची मोडली म्हणून बाकीच्या चाळीस खुर्च्या कोसळत नाहीत. एक सर्व्हर बंद पडला तर मात्र त्याच्यावर टेकलेल्या चाळीस सेवा बंद पडू शकतात.

त्यामुळे ही यादी डेडस्टॉकपेक्षा सातबाऱ्याच्या जास्त जवळची आहे. जमीन किती, कुणाच्या नावावर, तिच्यावर बोजा काय, आत काय पेरलंय आणि मालक बदलला की फेरफार. कंपन्यांमध्ये या नोंदवहीला ‘सीएमडीबी’ किंवा ‘असेट रजिस्टर’ म्हणतात. नाव काहीही असो, प्रश्न तेच असतात: काय आहे, कुठे आहे, कुणाचं आहे, मुदत कधी संपते आणि कशावर अवलंबून आहे.

सातबारा बिघडला की काय होतं हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कंपनीचा सातबारा बिघडला की काय होतं, ते बघूया.

चूक पहिली: नोटीस गेली, पण भलत्याच पत्त्यावर

अमेरिकेत इक्विफॅक्स नावाची कंपनी आहे. लोकांनी घेतलेल्या कर्जांची आणि फेडलेल्या हप्त्यांची कुंडली ठेवणं हा तिचा धंदा. भारतात परवाना असलेल्या चार क्रेडिट ब्युरोंमध्येही हे नाव आहे.

मार्च २०१७ मध्ये ‘अपाची स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर फट असल्याचं जाहीर झालं. ती बुजवणारं पॅच, म्हणजे ठिगळ, लगेच उपलब्ध होतं. ८ मार्चला अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने इशारा दिला. ९ मार्चला इक्विफॅक्सच्या सुरक्षा टीमने ४०० हून अधिक कर्मचाऱ्यांना मेल पाठवला. ४८ तासांत पॅच लावा, असा आदेश होता.

इथपर्यंत सगळं वेळेवर झालं. पण ज्यांनी प्रत्यक्ष पॅच लावायचा होता, त्यांच्यापर्यंत तो मेल पोहोचलाच नाही. मेल पाठवण्याची यादी जुनी होती, असं अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात नमूद आहे. सातबाऱ्यावर वारस नोंद झालेली नाही, नाव अजून आजोबांचंच आहे आणि नोटीस त्यांच्या नावाने येऊन पडली आहे, तसाच हा प्रकार.

आठवड्याभराने कंपनीने आपल्या सिस्टीम स्कॅन केल्या. पण ज्या पोर्टलमध्ये फट होती ते स्कॅनमध्ये सापडलंच नाही. पीक पाहणी झाली, पण बांधावरूनच. या पोर्टलचं मूळ १९७० च्या दशकात होतं. वर कंपनी एकामागून एक दुसऱ्या कंपन्या विकत घेत वाढलेली. प्रत्येक खरेदीबरोबर नवी मशीन, नवी सॉफ्टवेअर आणि नवे घोळ आले. आपल्याकडे ‘स्ट्रट्स’ कुठे कुठे वापरात आहे, हे सांगू शकेल अशी पूर्ण यादी कंपनीकडे नव्हती.

मे महिन्यात चोर आत शिरले. एका ठिकाणी त्यांना उघड्यावर ठेवलेले युजरनेम आणि पासवर्ड मिळाले. त्यावरून ते आणखी ४८ डेटाबेसपर्यंत पोहोचले आणि त्यांनी सुमारे ९,००० वेळा माहिती खेचली. जवळपास १४.७ कोटी लोकांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी नंबर गेले.

चूक दुसरी: मुदत संपली, कुणाच्या लक्षातच नाही

चोर आत होते, मग पहारेकरी काय करत होता? पहारेकरी होता, पण आंधळा. नेटवर्कवरून जाणारी माहिती तपासणारं एक उपकरण इक्विफॅक्सकडे होतं. त्याला लागणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपून १९ महिने झाले होते, त्यामुळे त्याला आत काय चाललंय ते दिसतच नव्हतं. अमेरिकी संसदेच्या समितीने नंतर शोधलं तेव्हा कंपनीची अशी ३०० हून अधिक सर्टिफिकेटं मुदत संपून पडलेली निघाली.

२९ जुलै २०१७ ला ते सर्टिफिकेट बदललं. बदलल्याबरोबर त्याच दिवशी संशयास्पद हालचाल दिसली. म्हणजे जे काम १९ महिने राहिलं होतं ते केल्यावर चोरी एका दिवसात पकडली गेली.

सर्टिफिकेटच्या बाबतीत इक्विफॅक्स एकटी नाही. ६ डिसेंबर २०१८ ला ब्रिटनमध्ये ओटू आणि जपानमध्ये सॉफ्टबँक या कंपन्यांच्या कोट्यवधी ग्राहकांचं नेटवर्क एकाच दिवशी गेलं. कारण एकच, एरिक्सनने पुरवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टचं ‘टीम्स’ काही तास बंद पडलं, तेही याच कारणाने.

गाडीचा विमा संपायच्या आधी आपल्याला चार मेसेज येतात. कंपनीच्या सर्टिफिकेटचे मेसेजही येतात. फक्त ते ज्याच्या मेलवर येतात तो माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला असू शकतो. म्हणून यादीत नुसती तारीख असून भागत नाही, त्या तारखेचा आज हजर असलेला मालकही लागतो.

चूक तिसरी: फेरफार अर्धाच झाला

१ ऑगस्ट २०१२. नाईट कॅपिटल ही अमेरिकी शेअर बाजारातली मोठी ब्रोकर कंपनी. त्या दिवशी बाजारात एक नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठीचं नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर टाकायचं होतं. टेक्निशियनने ते सातवर टाकलं, आठवा राहिला. दुसऱ्या कुणी तपासून बघावं असा लेखी नियमच नव्हता.

आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड होता. त्याचा वापर २००३ मध्येच थांबला होता, पण कुणी तो काढला नव्हता. नव्या सॉफ्टवेअरने नेमका तोच जुना स्विच नव्या कामासाठी वापरला. सात सर्व्हरवर स्विच दाबला की नवं काम सुरू व्हायचं. आठव्यावर नऊ वर्षं झोपलेला कोड जागा झाला.

पुढच्या ४५ मिनिटांत ग्राहकांच्या २१२ ऑर्डरी पूर्ण करायला गेलेल्या या यंत्रणेने १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाख व्यवहार केले. तोटा ४६ कोटी डॉलरहून जास्त.

यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट गोंधळाच्या मधोमध घडली. कोणत्या सर्व्हरवर काय आहे हेच टीमला माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, नवं सॉफ्टवेअरच बिघडलंय. म्हणून त्यांनी ते बरोबर चालणाऱ्या सात सर्व्हरवरून काढून टाकलं. झालं, आता आठही सर्व्हरवर जुना कोड धावायला लागला.

आणि इशारा मिळाला नव्हता असंही नाही. बाजार उघडण्याच्या आधी सिस्टीमने ९७ ईमेल पाठवले होते, त्यात ‘पॉवर पेग’चं नावही होतं. पण असे मेल म्हणजे धोक्याची घंटा, असं कुणी ठरवलेलंच नव्हतं, म्हणून ते कुणी गांभीर्याने पाहिले नाहीत. पुढच्या वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

चूक चौथी: घराची किल्ली घरातच

२७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली. तिच्या समूहाची अनेक बंदरांमधली टर्मिनलं ठप्प झाली. आपल्या न्हावा शेवा बंदरातलं, म्हणजे जेएनपीटीतलं टर्मिनलही त्यात होतं. कंटेनर बंदरात अडकले, गेटवर ट्रक थांबले.

हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. ‘वायर्ड’ मासिकाच्या वृत्तानुसार, मर्स्कमध्ये तो शिरायला ओडेसाच्या ऑफिसमधल्या एका कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर असणं पुरेसं ठरलं. एक मशीन, जगभर पसरलेल्या नेटवर्कला जोडलेलं.

पुढची अडचण आणखी मोठी होती. कंपनीत कोण कोण आहे आणि कुणाला कुठे प्रवेश आहे, हे ठरवणारे सुमारे १५० सर्व्हर मर्स्ककडे होते. त्यातला प्रत्येक जण दुसऱ्याचा बॅकअप होता. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. सगळे एकाच वेळी जातील, ही शक्यता त्या हिशेबात नव्हती. आणि सगळे गेले. वाचला फक्त घानामधला एक, तोही कशामुळे, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. एवढ्या मोठ्या कंपनीला लोडशेडिंगने वाचवलं, असंच म्हणायचं. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच नंतर सांगितलं.

सात वर्षांनी, १९ जुलै २०२४ ला, पुन्हा तसंच दृश्य दिसलं. क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. चूक कंपनीने ७८ मिनिटांत सुधारली. पण बंद पडलेलं बरंचसं मशीन प्रत्यक्ष तिथे जाऊन सुरू करायचं होतं आणि ज्यांची डिस्क कुलूपबंद होती त्यांना प्रत्येकी ४८ अंकी किल्ली लागत होती. कोणतं मशीन कुठल्या मजल्यावर आणि त्याची किल्ली कुठे, हे ज्यांनी लिहून ठेवलं होतं ते लवकर उठले. काही ठिकाणी किल्ल्यांची यादीच बंद पडलेल्या सर्व्हरवर होती. अशा वेळी एक छापील कागदही कामाला येतो.

मग कंपन्या शिकत का नाहीत?

कारण यादी नीट ठेवल्याचं कौतुक कुणी करत नाही. नवीन ॲप आलं की सोहळा होतो, फोटो निघतात. दोनशे सर्टिफिकेटं वेळेवर बदलली म्हणून कुणाचा सत्कार झाल्याचं ऐकलंय? जे काम नीट झाल्यावर काहीच घडत नाही, त्या कामाला बजेट मागताना मॅनेजरची जीभ अडखळते.

दुसरं कारण, यादी बहुतेक वेळा ऑडिटसाठी बनते. ऑडिटच्या आधी पंधरा दिवस एक्सेल शीट इकडून तिकडे फिरते, रिकामे रकाने भरले जातात, सह्या होतात. ऑडिट संपलं की दुसऱ्या दिवसापासून ती यादी शिळी व्हायला लागते. त्यात आता नवीन सर्व्हर घ्यायला खरेदी विभागाकडे जावंच लागतं असं नाही. क्लाऊडवर एखादी टीम दहा मिनिटांत मशीन उभं करते, काम झाल्यावर विसरून जाते. त्याचं बिल येत राहतं आणि दारही उघडं राहतं.

काही जण म्हणतील, यासाठी चांगली सॉफ्टवेअर मिळतात की. मिळतात, आणि घ्यावीतही. पण संगणकावर सातबारा आला म्हणून जुन्या नोंदी आपोआप बरोबर झाल्या का? चुकीची नोंद ऑनलाईन गेली तर ती चुकीचीच राहते, फक्त जास्त अधिकृत दिसते.

तिसरं कारण सगळ्यात गैरसोयीचं आहे. गोष्ट अंगावर आली की दोष एका माणसावर टाकता येतो. इक्विफॅक्सचे माजी सीईओ रिचर्ड स्मिथ ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकी संसदेसमोर बसले, तेव्हा त्यांनी पॅचची सूचना पुढे न पोहोचवणाऱ्या एका व्यक्तीकडे बोट दाखवलं. एक मेल फॉरवर्ड न केल्याच्या कारणावरून एका अधिकाऱ्याची नोकरी गेली. पण १४ कोटी लोकांची सुरक्षा एका माणसाने एक मेल पुढे पाठवण्यावर टांगलेली असेल, तर चूक त्या माणसाची की ती तशी टांगणाऱ्यांची? संसदीय समितीचा निष्कर्ष स्पष्ट होता. ही चोरी पूर्णपणे टाळता आली असती.

हिंजवडी, ऐरोली, खराडीत रात्रपाळीला बसून परदेशातल्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारी आपली हजारो पोरं-पोरी आहेत. रात्री तीनला अलार्म वाजतो आणि यादीत त्या सर्व्हरच्या मालकाच्या जागी सोडून गेलेल्या माणसाचं नाव असतं, तेव्हा काय होतं ते त्यांना विचारा. यादी चुकीची असते दुसऱ्याची आणि उत्तर द्यावं लागतं त्यांना.

करायचं काय?

उपाय फार भारी नाहीत, कंटाळवाणे मात्र आहेत.

एक, यादी एकाच जागेवरून बनवू नका. खरेदीची बिलं काय सांगतात, नेटवर्कवरचं स्कॅन काय सांगतं आणि क्लाऊडचं बिल काय सांगतं, हे तिन्ही ताडून बघा. जिथे आकडे जुळत नाहीत, तिथेच धोका बसलेला असतो.

दोन, प्रत्येक वस्तूला मालक हवा. माणूस कंपनी सोडताना लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करतो, तसाच त्याच्या नावावरच्या सर्व्हरचा फेरफारही त्याच दिवशी व्हायला हवा.

तीन, बदल झाला की नोंद, आणि नोंदीवर दुसऱ्या माणसाची नजर. आठवा सर्व्हर विसरणं हे माणसाचं काम आहे, ते पकडणं हे पद्धतीचं.

चार, सगळंच एका पातळीवर सांभाळायला जाऊ नका. ज्याच्यावर लोकांचे पैसे आणि माहिती अवलंबून आहे, त्याची नोंद आधी पक्की करा. कँटीनमधल्या प्रिंटरचं नंतर बघता येईल.

पाच, बॅकअपवरून सिस्टीम खरंच उभी राहते का, हे अधूनमधून करून बघा. आग लागल्यावर बादली शोधण्यात अर्थ नाही.

नियमही आता कडक होत आहेत. आयटी कारभाराबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे २०२३ चे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. ‘सर्ट-इन’च्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आता सांगा, काय चोरीला गेलं हे सहा तासांत कळवायचं असेल, तर आपल्याकडे मुळात काय होतं हे आधी माहीत नको?

कोटकवरचे निर्बंध रिझर्व्ह बँकेने १२ फेब्रुवारी २०२५ ला उठवले. बँकेने केलेल्या सुधारणांवर समाधान झाल्यानंतर. मधले साडेनऊ महिने भारतातल्या एका आघाडीच्या खासगी बँकेला मोबाईलवरून एकही नवा ग्राहक जोडता आला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असा मेसेज दिसला, तर सर्व्हर का पडला हा प्रश्न आहेच. पण तो कुणाच्या नावावर आहे, हे त्या क्षणी त्या कंपनीत कुणाला माहीत आहे का, हा प्रश्न त्याआधीचा आहे.